घटनेचं वय आणि वसईची महापालिका

वसई

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात या वेळी थंडीपेक्षा राजकारणच जास्त! 1787 साली लिहिलेली घटना आजच्या अमेरिकेला पुरी पडत नाही, असं तू तावातावाने लिहिलंयस. वर ‘तुमची बरी, अजून ताजी आहे’ असा टोलाही मारलायस. आता उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तुमची घटना फिलाडेल्फियात लिहिली जात होती, तेव्हा आपला वसईचा किल्ला पेशव्यांकडे होता. 1802 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रजही आले तसे गेले, पण तुमचा तो कागद चालूच आहे. याचं मला कौतुक वाटतं. तरी तुझी तक्रार रास्तच. वायोमिंग राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. आपल्या वसई-विरारची 2011 च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. त्या वायोमिंगचे सिनेटमध्ये दोन सदस्य आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचेही दोनच! बरं, बदलायचं म्हटलं तर साध्या दुरुस्तीलाही 38 राज्यांची संमती लागते आणि सिनेटमधला हा समान वाटा तर ज्या त्या राज्याने हो म्हटल्याशिवाय काढताच येत नाही. एकूण दुरुस्त्या 27, त्यातल्या पहिल्या दहा 1791 मध्ये एकदमच झालेल्या. शेवटची 1992 ची, त्यानंतर सामसूम.

आमच्याकडे उलट. 1950 पासून 2023 पर्यंत 106 दुरुस्त्या झाल्या. त्यातली 74 वी आपल्यासारख्या शहरांसाठी, जून 1993 पासून लागू. कलम 243-यू अगदी सरळ सांगतं : पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. शाळकरी पोरालाही कळेल असा नियम. आता त्याचं आपल्या गावात काय झालं ते ऐक.

चार नगरपालिका आणि 53 गावं एकत्र करून 3 जुलै 2009 ला महापालिका झाली. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी ‘आम्हाला यात नको’ म्हणून केवढं रान उठवलं होतं, आठवतंय ना? त्याच लाटेवर विवेक पंडित आमदार झाले. गावांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळला. कुठलं गाव शहरात घालायचं हे ठरवण्याचा अधिकार घटनेने राज्याकडे दिलाय. गावकऱ्यांचा कौल घेण्याची सक्ती त्यात नाही. ही घटनेतली उणीव, मी मान्य करतो.

पण पुढचं पाहा. जून 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये कान उपटले, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. मधली साडेपाच वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. याच काळात नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या 41 बेकायदा इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या. आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतलेल्यांनी दाद कुणाकडे मागायची? नगरसेवकच नव्हते. असते तर इमारती वाचल्या असत्या असं नाही. पण कुणाचं दार ठोठवायचं, एवढं तरी कळलं असतं.

अखेर मतदानाचा दिवस उजाडला. एका प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. चारही मतं दिल्याशिवाय यंत्र वाजत नाही. माझ्या पुढच्या आजी पहिलं बटण दाबून बाहेर यायला निघाल्या, तर कर्मचारी ओरडला, ‘आजी, अजून तीन बाकी!’ आजी म्हणाल्या, ‘इतकी वर्षं एकसुद्धा नव्हतं, आता चार-चार?’ रांग खदखदून हसली.

प्रत्येक पिढी जणू वेगळं राष्ट्रच असते, असं तुमचा जेफरसन म्हणायचा. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्याचा आवर्जून दाखला दिला आणि घटना राबवणारेच वाईट निघाले तर चांगली घटनाही वाईट ठरेल, असंही बजावलं. मला तरी दुखणं वयाचं वाटत नाही. तुमच्या घटनेत कलम बदलणं अवघड करून ठेवलंय, आमच्यात कलम मोडणं सोपं. 243-यू मोडणाऱ्याला काय होतं? काहीच नाही. मुदत टळल्यावर प्रशासकाला मोठी कंत्राटं देता येणार नाहीत, एवढी एक ओळ घातली असती, तर निवडणूक साडेपाच वर्षं लांबलीच नसती.

तेव्हा घटना किती जुनी हे विचारू नकोस, मोडणाऱ्याला ती काय करते ते विचार. आणि येत्या नोव्हेंबरात तुमची काँग्रेसची निवडणूक आहे, तेव्हा घरात बसून घटनेला बोल लावण्यापेक्षा मतदानाला जा.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
वसईकर