चाचांचं देणं

माझ्या घरी स्पा फिश आहेत म्हटलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘मग गुण आला का?’ सोरायसिस माझ्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर कॉलेजपासून मुक्कामाला आहे, हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक. तर गुण माशांमुळे आलेला नाही. पण ज्यांच्यामुळे हे मासे माझ्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये आले आणि इथेच वाढले, त्या चाचांचं देणं माझ्या डोक्यावर आहे, आणि ते फिटण्यातलं नाही.

चाचा लोकांच्या फिश टँक सांभाळायचे. कुर्ल्याहून लोकलने यायचे. खांद्यावरच्या पिशवीत पाण्याचा पाइप, जाळी, काच घासायची घासणी आणि फिल्टरचे सुटे स्पंज. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथली टाकी त्यांच्याकडे होती. एका मॉलमधलं फिश स्पा बंद पडलं तेव्हा तिथले मासे त्यांच्या गळ्यात पडले. ही बातमी मला लागली आणि मी जिना उतरून त्यांना गाठलं.

मी तयारीनिशी गेले होते. टर्कीत सिवास प्रांतात कांगल नावाचं गाव आहे. तिथल्या झऱ्यांचं पाणी साधारण 35 अंशांचं. त्यात राहणारे गारा रूफा, म्हणजे हेच स्पा फिश, सोरायसिसच्या रोग्यांची खपली खातात, आणि रोगी 21 दिवस रोज तासन्‌तास पाण्यात बसून राहतात. हे सगळं मी त्यांना एका दमात सांगितलं आणि असतील तेवढे मासे द्या म्हणाले. दुसरा कोणी असता तर दुप्पट भाव लावून मोकळा झाला असता.

चाचा जाळी धूत होते. वर न बघता म्हणाले, “ताई, त्या गरम पाण्यात त्याला खायला काय मिळत नाय, म्हणून तो कातडी खातो. पोट भरलेलं असलं तर तुमच्याकडे बघणार पण नाय. औषध म्हणून पायजे तर मी देत नाय. पाळायचा असला तर बोला.”

मला राग आला होता, तो पुढच्या आठवड्यात माझ्या त्वचेच्या डॉक्टरांकडे उतरला. त्यांनीही वेगळं काही सांगितलं नाही. ऑस्ट्रियात 67 रुग्णांना तीन आठवडे माशांच्या टबात बसवल्याचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला आहे, आणि त्यात त्रास सरासरी 71.7 टक्क्यांनी उतरला होता. पण त्या रुग्णांना जोडीला अतिनील किरणांचे दिवेही दिले होते. मग श्रेय माशाला द्यायचं की दिव्याला? एकाच्या टबातलं पाणी दुसऱ्याला देताना जंतूही जातात, तो धोका निराळाच. मी मलम चालू ठेवलं आणि चाचांना निरोप धाडला, पाळायचेत.

ते रविवारी आले. आधी मासे ओळखायला शिकवलं, कारण स्पा फिश म्हणून तिलापियाची पिल्लंही खपवली जातात. तिलापियाला दात येतात आणि मोठा झाला की तो चावून जखम करतो. “पाठीवरून नका बघू, काचेला चिकटला की खालून बघा,” म्हणाले. खालून बघितलं तर त्या काळपट, बोटाएवढ्या माशाचा सगळा कारभार उघडा पडतो. तोंड पुढे नसतं, खाली असतं. हनुवटीवर चिकटायची चकती. ओठांच्या बाजूला मिशांच्या दोन बारीक जोड्या. जबड्यात दात नाहीत, जे आहेत ते घशात. त्या ओठांनी तो काच किसत किसत पुढे सरकतो आणि मागे शेवाळाचा स्वच्छ पट्टा निघतो.

हा वाहत्या पाण्यातला, दगडावरचं शेवाळ खाणारा मासा, त्यामुळे चाचांनी टाकीत एका टोकाला जोराची मोटर लावली, तळाला नदीतले गुळगुळीत गोटे टाकले आणि वर झाकण घट्ट बसवलं. ओल्या काचेवरून तो चढतो आणि बाहेर पडतो. खाणं म्हणजे स्पिरुलिनाची वडी, वाफवलेला पालक, काकडीची चकती. पोटभर खाल्लेल्या माशांच्या टाकीत हात घातला तर एखाद-दुसरा येऊन चाटून जातो, बाकीचे आपल्या कामात. स्पामध्ये पायांवर झुंबड का उडते हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर मी कुठल्याही मॉलमध्ये त्या टबाकडे मजेने बघू शकलेले नाही.

एका पावसाळ्यात रात्री वीज गेली ती गेलीच. मोटर बंद, मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. मी चाचांना फोन लावला. त्यांनी झोपेतूनच सांगितलं, तांब्याने पाणी काढा, वरून धार सोडा, थांबू नका. मी आणि मुलगा आळीपाळीने धार सोडत बसलो. पहाटेची पहिली लोकल पकडून चाचा दारात हजर, हातात बॅटरीवरचा पंप. पैसे काढले तर म्हणाले, “पंप भाड्याचा नाय, मासा माझा पण आहे.” चहा मात्र दोनदा घेतला.

पिल्लांची गोष्ट पुढची. नरांच्या नाकाडावर पांढरे बारीक दाणे आले, माद्यांची पोटं गोल झाली, तेव्हा चाचांनी दुसरी छोटी टाकी मांडायला लावली. तळाला खेळायच्या काचेच्या गोट्यांचा थर. अंडी टाकल्याटाकल्या आईबाप स्वतःच ती खातात, गोट्यांच्या फटीत पडली तरच वाचतात. पाणी बदलताना ते जरा गार ठेवलं आणि सकाळी गोट्यांखाली बारीक पारदर्शक अंडी सापडली. मोठ्यांना बाहेर काढलं. पांढरी पडलेली, बुरशी धरलेली अंडी ड्रॉपरने वेचायचं काम मी ऑफिसला जाण्याआधी करायचे. दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटली. पोटावरचा बलक संपेपर्यंत त्यांना काही द्यायचं नाही, मग हिरवं पाणी, त्यानंतर आर्टेमिया नावाचा बारीक जीव. तो मिठाच्या पाण्यात बाटलीत कसा फुटवायचा, हेही चाचांनीच दाखवलं.

मी त्यांना अर्धी पिल्लं देऊ केली. त्यांनी सहा घेतली, दवाखान्यातल्या टाकीसाठी. बाकीच्यांबद्दल एकच ताकीद दिली, कंटाळा आला तरी नदीत सोडायची नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही गाराच्या जातीचा मळ्या राहतो. कर्नल साइक्सने दख्खनचे मासे नोंदवताना 1839 साली त्याला त्याच नावाने शास्त्रात नेलं. हे साल-बिल माझ्या वाचनातलं. चाचांनी मळ्या पाहिला होता तो कर्जतकडे, ओढ्यातल्या दगडाला चिकटलेला, आणि परदेशी मासा त्याच्या पाण्यात गेला तर त्याचं काय होईल याची त्यांना माझ्याआधी काळजी होती.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर चाचा गावी गेले. ईदला फोन येतो. माझी तब्येत शेवटी, आधी माशांची. पैसे पाठवू का म्हटलं तर विषय बदलतात, म्हणून मी त्यांचीच अट पुढे चालवते. सोरायसिस असलेलं कोणी स्पा फिश मागायला आलं तर आधी डॉक्टरांचा कागद बघते, मग मासे फुकट देते. सध्या कल्याणचा एक मुलगा मागे लागलाय. त्याने टाकीचे दोन फोटो पाठवले, दोन्हींत झाकण नाही. तिसऱ्यात दिसलं की या खेपेची आठ पिल्लं त्याची.