कोड

बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळीच आई म्हणाली, "बाळा, आज जरा रानाकडं जातोस का?" मी समजलो. सांगोल्याच्या आमच्या बौद्धवाड्यात महाडच्या पाण्यावर भाषण ठोकणारा मी. शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आन् माणगंगेच्या कोरड्या पात्रात जाऊन बसलो. दिवसभर.

ओठाच्या कडंला पहिला डाग फुटला तेव्हा बारावीला होतो. मग बोटं, मग कोपर. कुणी म्हणालं, मासे खाऊन वर दूध प्यालास. कुणी बावचीचं तेल दिलं. ते लावून उन्हात बसलो, टरारून फोड आले. दीक्षा घेतलेली माझी आई चोरून एका देवऋष्याकडंही जाऊन आली. मी लई ओरडलो तिच्यावर. नसतो ओरडलो तर बरं झालं असतं. शेवटी कातडीच्या डॉक्टरनं धड सांगितलं : शरीराची राखण करणारी यंत्रणाच रंग बनवणाऱ्या पेशी मारते. शिवून कुणाला होत नाही.

शिवून! हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. आज्याला हाटेलात कपबशी वेगळी होती. मला परवा आपल्याच मीटिंगला चहा कागदी कपात आला. बाकीच्यांना काचेचे ग्लास. देणारा जय भीम घालूनच देत होता.

पण दोस्तहो, खरी लाज पुढंच आहे. रविवारच्या जनावरांच्या बाजारात कुणी माझ्या हाताकडं बघून सरकलं की मी घाईनं सांगायचो, "महारोग न्हाई हो, नुसतं कोड हाय." म्हणजे माझ्या खालची एक पायरी मी हुडकून ठेवली होती. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे ती हीच की! महारोग तर औषधानं पुरा बरा होतो. तरी २०१९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण होता. तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू.

बाबासाहेबांचा धम्मग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. त्यात राजगृहाचा सुप्रबुद्ध आहे. महारोगी, कंगाल. गर्दी दिसली म्हणून काही खायला मिळंल या आशेनं आला, कडेला बसला. एवढ्या सभेत बुद्धांनी नेमकं त्यालाच हेरलं आणि त्याला उमजेल असं सांगितलं. वंदनेनंतर हे पान मी मोठ्यानं कितीदा वाचून दाखवलंय.

बहिणीचं पुढं जमलं. लग्नात मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून दारात उभा राहिलो. आई काही बोलली नाही. एस.टी. स्टँडवर बोटं झडलेला एक म्हातारा असतो, त्याच्याशेजारी मात्र अजून बसलेलो नाही. त्याच्या बाकावर जागा असते.