जुनी तबकडी आणि परिग्रहाची मर्यादा

जुन्या मालाविषयी व्यापारी घराण्यांत एक सरळ नियम पाळला जातो. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या बाजारभावाहून अधिक होत असेल, तर ती वस्तू सोडून द्यावी. हिशेबाच्या दृष्टीने हा नियम निर्दोष आहे; परंतु तो विक्रीच्या मालासाठी आहे. घरात वापरावयाच्या वस्तूला तो तसाच लावता येतो का, हा प्रश्न गेल्या चातुर्मासात आमच्या घरी उपस्थित झाला. निमित्त होते एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरचे.

पनवेलच्या जुन्या गावात एकामागून एक घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे होते तेव्हा पितळेची भांडी आणि सागवानी कपाटे नातलगांत वाटली जातात. उरलेले भंगारवाल्याकडे जाते. अशाच एका ढिगात पेटीसारखा बंद होणारा, चार गतींचा रेकॉर्ड प्लेअर मला दिसला. किंमत सांगितली 1,800 रुपये. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

मुदत मागण्याचे कारण आमच्या कपाटातील 23 तबकड्या. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी त्या दिल्या होत्या. त्यांत नाट्यगीते आहेत, भावगीते आहेत आणि पाच तबकड्या स्तवनांच्या आहेत. त्या वाजविणारे यंत्र कधीच निकामी होऊन घराबाहेर गेले. आज आईची दृष्टी इतकी मंदावली आहे की ग्रंथ हाती धरून होणारा तिचा स्वाध्याय बंद पडला आहे. कान मात्र शाबूत आहेत. नाट्यगीते आणि भावगीते मोबाईलवर सहज मिळाली. ती पाच स्तवने पुष्कळ शोधूनही कोठे सापडली नाहीत.

घरात तीन मते पडली. मुलगा म्हणाला, "पप्पा, तबकड्या एकदा मुंबईला नेऊन मोबाईलमध्ये उतरवून घेऊ. यंत्र कशाला हवे?" पत्नीला चिंता होती ती काच आणि लाकूड पुसण्याच्या कामात पडणाऱ्या आणखी एका भराची. आईचा आक्षेप निराळ्या ठिकाणचा होता. तिने परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले असून आपल्या वस्तूंची यादी वहीत लिहवून ठेवली आहे. ती म्हणाली, "माझ्यासाठी घरात नवी वस्तू येणार असेल, तर आधी माझी वही वाचून दाखव."

वही वाचण्यापूर्वी यंत्र जाणून घेणे आवश्यक होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वयोवृद्ध कारागिरास मी भंगारवाल्याकडे घेऊन गेलो. त्यांनी प्रथम तबकडी ठेवण्याची थाळी हाताने फिरवली आणि कान लावून ऐकले. खालचा दांडा व त्याची बैठक झिजलेली असेल तर घरघर येते, आणि तो दोष काढणे खर्चाचे असते. येथे तो नव्हता. मोटर अडखळत होती. पण ते केवळ वंगण सुकल्यामुळे. थाळीला गती देणारे रबरी चाक मात्र कडक झाले होते. असे चाक वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिले की त्यावर सपाट खाच पडते आणि प्रत्येक फेऱ्यास ठोका ऐकू येतो.

मुख्य दोष सुई धरणाऱ्या कार्ट्रिजमध्ये होता. स्वस्त यंत्रांच्या जुन्या कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असे. सुईच्या कंपनाने तो दाबला गेला की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. परंतु हा क्षार हवेतील ओलावा शोषून नष्ट होतो. कोकणच्या पावसाळ्यापुढे त्याचा निभाव लागणे कठीणच. "शेठ, मोटर जिवंत आहे, आवाज मेला आहे," असे कारागीर म्हणाले. सिरॅमिक जातीचे कार्ट्रिज बसविले तर ओलाव्याचे भय बरेच कमी होते. साऱ्या कामाचा अंदाज त्यांनी 3,900 रुपये सांगितला. म्हणजे 1,800 च्या वस्तूवर दुपटीहून अधिक खर्च. व्यापारी नियमाने येथेच नकार द्यावयास हवा होता.

याच वेळी एका परिचिताने वेगळा सल्ला दिला. जुन्या तबकड्यांना पुन्हा भाव आला आहे, तेव्हा यंत्र नीट करून तबकड्यांसह विकावे. भाव आला आहे हे खरे. काळा घोड्याचे रिदम हाऊस 2016 साली बंद झाले, तेव्हा हा व्यवसाय संपला असे अनेकांना वाटले होते. परंतु 2022 साली अमेरिकेत तबकड्यांची विक्री सुमारे 4 कोटी 10 लाख झाली आणि 1987 नंतर प्रथमच ती सीडींच्या संख्येहून पुढे गेली. तरीही हा सल्ला मला मानवला नाही, आणि त्याचे कारण तबकड्यांच्या घटकद्रव्यात आहे.

आमच्या 23 पैकी 9 तबकड्या मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या आहेत. त्या पाचही स्तवनांच्या तबकड्या त्यांतच येतात. त्यांच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावते. 1948 साली आलेल्या लाँग प्लेइंग तबकडीवर एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक मावू लागले. ती व्हायनिल या प्लॅस्टिकची असते. 78 ची तबकडी मात्र दगडाची भुकटी, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणाची. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. तो काढताना फांद्या तोडून खरवडल्या जातात आणि असंख्य जीवांचा घात होतो. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत 'लाक्षावाणिज्य' स्वतंत्रपणे गणले आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही ते आहे. ही गणना झाली तेव्हा ग्रामोफोन नव्हता. परंतु लाखेच्या व्यापारातील हिंसा तीच होती.

मग अशी तबकडी घरात वाजवावी का? माझी समजूत गृहस्थाची आहे. अधिकारवाणीने सांगणे साधू-साध्वींचे काम. मला असे वाटते की साठ वर्षांपूर्वी घडलेली वस्तू जपून वापरल्याने नव्या लाखेची मागणी वाढत नाही, आणि ती फोडून टाकल्याने गेलेला एकही जीव परत येत नाही. परंतु तीच तबकडी नफ्यासाठी बाजारात उभी करणे हे वाणिज्याच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. म्हणून विक्रीचा विचार सोडला. उरला केवळ उपयोगाचा प्रश्न.

उपयोगाचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. हे यंत्र कोण ऐकणार, किती वेळ, आणि ते काम दुसऱ्या साधनाने होते का? मुलाची सूचना योग्य होती. पण बाहेर ने-आण करताना 78 ची तबकडी सहज फुटते, आणि आमच्या पाचांपैकी एकीस आधीच तडा गेला आहे. यंत्र घरी आले तर तबकड्या घराबाहेर न जाता स्तवने उतरवून घेता येतील. दुसऱ्या प्रतीची ज्यात आशा नाही अशा पाच तबकड्यांसाठी 5,700 रुपये हा खर्च मला जड वाटला नाही.

यंत्र दुरुस्त होऊन आले तेव्हा कारागिरांनी गती तपासण्याची एक सोपी रीत दाखविली. थाळीच्या कडेस कागदाचा तुकडा चिकटवावा आणि 33⅓ च्या गतीवर तीन मिनिटे फेरे मोजावेत. ते बरोबर 100 भरले पाहिजेत. प्रथम 97 भरले, म्हणजे सूर किंचित उतरलेला. पुन्हा वंगण देऊन चाक बसविल्यावर 100 भरले. विदेशी यंत्र घेणाऱ्यांनी हे विशेषेकरून पाहावे. अमेरिकेतील वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. तेथील साधी मोटर येथे सहा फेऱ्यांच्या जागी पाचच फेरे घेते.

आणखी दोन गोष्टी वाचकांस उपयोगी पडतील. 78 च्या तबकडीची खोबण रुंद असते, लाँग प्लेइंगची फार बारीक. दोहोंस एकच सुई चालत नाही. आमच्या कार्ट्रिजमध्ये उलटविता येणारी दुहेरी सुई आहे. दुसरे असे की लाखेची तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नये. स्पिरिटात लाख विरघळते. मऊ कोरड्या कापडाने, खोबणीच्या दिशेने पुसणे पुरेसे. पावसाळ्यात तबकड्या उभ्या आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. वेष्टनावर बुरशी आली की ती पुसण्यात जीवहिंसा आहे. ती येऊच न देणे ही खरी यतना.

पाचही स्तवने आता मोबाईलमध्ये आहेत. तडा गेलेल्या तबकडीत प्रत्येक फेऱ्यास टिकटिक येते. ती काढून टाकण्याचे मुलाने सुचविले, पण आईने नको म्हटले.

शेवटी आईची वही काढली. उपासकदशांगातील आनंद श्रावकाने कोट्यवधींच्या संपत्तीपासून दातवणापर्यंत प्रत्येक गोष्टीची मर्यादा ठरविली होती. आईची यादी अवघ्या दीड पानाची आहे. तिने माझ्याकडून तीत 'रेकॉर्ड प्लेअर, एक' असे लिहवून घेतले आणि त्याच ओळीच्या वर असलेला ट्रान्झिस्टर खोडावयास सांगितला. तो ट्रान्झिस्टर दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानातील रात्रीच्या रखवालदाराकडे गेला. नवी तबकडी घ्यावयाची नाही, असेही तिने खाली लिहविले आहे.