दगडी टेकडीवरचा फुलोरा

बदलीच्या गावी गेलं, की सामान लागायच्या आधीच आपण कुंड्यांना ऊन कुठे मिळेल ते पाहतो, नाही का? मग साठीच्या सुमाराला परक्या देशात जाऊन उघड्याबोडक्या टेकडीवर बाग करायची म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळं सांगायला नकोच!

जॅकलिन टिरिट या इंग्रज बाईंनी ते केलं. जन्म १९०५ चा, दक्षिण आफ्रिकेतला. पेशा नगररचनेचा. १९५४ साली दिल्लीला स्वस्त घरांचं प्रदर्शन भरलं, त्याच्या आखणीत त्या होत्या. पण तरुणपणी बागकाम शिकलेल्या, त्यामुळे जीव झाडांत. ग्रीसमध्ये अथेन्सच्या पूर्वेला, पेआनिया गावाजवळ स्पारोझा नावाची जागा आहे. १९६० नंतर त्यांनी तिथे घर बांधलं. संसार एकटीचाच.

खाली दगड, वर वारा. पाऊस वर्षाला जेमतेम सोळा इंच, तोही बहुतेक ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळा जवळजवळ कोरडाच. इंग्लंडात वसंतात बी पेरतात. इथे तसं केलं, तर रोप मूळ धरायच्या आत करपून जातं. तेव्हा आधी आपलं पंचांग बदलायचं! पहिला पाऊस झाला, की बी पेरायचं. थंडीभर मूळ खोल जातं आणि मग रोप उन्हाला तोंड देतं.

प्रत्येक बियाची तऱ्हा निराळी. सिस्टस नावाच्या झुडपाचं बी इतकं टणक, की रानात वणवा लागून गेल्यावर ते भराभर उगवतं. घरी त्यावर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवतात. सायक्लॅमेनला अंधार लागतो, म्हणून बी मातीखाली झाकायचं. फूल मात्र दोन-तीन वर्षांनी!

स्पारोझाला गेलात, तर मार्च-एप्रिलात जा. ऑगस्टात सारी टेकडी तपकिरी. झाडं मेली की काय, असं वाटेल. मेलेली नसतात हो, निजलेली असतात.

१९८३ साली टिरिटबाई तिथेच वारल्या. त्यांच्या महिनेवार नोंदींचं पुस्तक १९९८ साली निघालं. त्याआधी, १९९४ मध्ये, भूमध्य सागरी बागांची एक संस्था स्थापन झाली आणि तिचं बस्तान याच बागेत बसलं.

आणि गंमत म्हणजे आपल्या हिवाळी वाफ्यातले स्नॅपड्रॅगन, स्वीट पी, अ‍ॅलिसम हे त्याच मुलखातले पाहुणे! पाऊस ओसरताना बी टाकलं, की ते खूश. तेव्हा सप्टेंबरअखेर एखादं पसरट खोकं, भुसभुशीत माती आणि चिमूटभर बी घ्या. नव्या गावी आला असाल, तर आधी तिथलं ऊन-पाणी विचारा, मग पेरा. माहेरचं वेळापत्रक सासरच्या मातीला चालतंच असं नाही. पण मूळ धरलं, की फुलं येतातच.