मोठ्या मुलांना नाताळची सहल अजून आवडते का?



डिसेंबर लागला की पालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "बाई, लहान होता तेव्हा नाताळचा सांता बघायला नुसता नाचायचा. आता पाचवीत गेला तर घराबाहेर यायलाच तयार नाही. ह्या मुलांना आता कशातच मजा वाटत नाही का हो?" आधी मी "वयच आहे ते, चालायचंच" असं म्हणून मोकळी व्हायचे. पण २०२३ च्या डिसेंबरात हाच प्रश्न माझ्या स्वतःच्या घरात उभा राहिला. माझं उत्तर किती वरवरचं होतं ते तेव्हा कळलं. तो अनुभव आज तुम्हाला सांगते.

आम्ही तळोज्याला राहतो. आमच्या घरात कुणी ख्रिस्ती नाही, पण २५ डिसेंबरला शाळेला सुट्टी असते. त्यामुळे मोठी मुलगी चार वर्षांची असल्यापासून आमचा एक नेम ठरून गेला होता. संध्याकाळी नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये जायचं, ते उंच ख्रिसमसचं झाड बघायचं, रांगेत उभं राहून सांताबरोबर फोटो काढायचा आणि आईस्क्रीम खाऊन परत यायचं. पहिल्या वर्षीचा फोटो अजून आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे. त्यात तिचे डोळे एवढे मोठे झालेत की सांतापेक्षा तिच्याकडेच लक्ष जातं.

२०२३ मध्ये मोठी सातवीत होती आणि धाकटा पहिलीत. त्या वर्षी तर मी खास बेत केला होता. पेंधर ते बेलापूर मेट्रो १७ नोव्हेंबरला नुकतीच सुरू झाली होती. इतकी वर्षं नुसते खांब बघून डोळे थकले होते, म्हणून म्हटलं, ह्या वेळी मेट्रोने जाऊ, मुलांना दुप्पट मजा. जेवताना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. मोठी ताटातून मान वर न करता म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही जा."

"का गं?"

"काय बघायचंय तिथे? तो सांता म्हणजे कुठला तरी दादा असतो. त्याला दिवसाचे पैसे देतात. पोटात उशी बांधलेली असते."

तेवढ्यात धाकट्याचा हात थांबला. "दादा म्हणजे? खरा नसतो?"

कुणीच काही बोललं नाही. मग मी जे करायला नको होतं तेच केलं. तिच्यावर ओरडले. "एवढी मोठी झालीस, लहान भावासमोर काय बोलावं कळत नाही?" ती ताट तसंच ठेवून उठली आणि जाता जाता म्हणाली, "तुला मी यायला नकोच असते आई. तुला फक्त माझा फोटो हवा असतो."

खरं सांगते, रात्री झोप लागली नाही. वर्गात पन्नास वेळा मी म्हणत असेन की मुलांचं म्हणणं ऐकून घ्या. घरी मात्र कपाटावरच्या फोटोतली चार वर्षांची मुलगीच मला दरवर्षी परत हवी होती. समोर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीला नाताळात काय आवडेल, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीचा फोन आला. ती वसईची. दर नाताळला बोलावते आणि दरवर्षी मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणते. ह्या वेळी मी मोठीला विचारलं, "सांता नाही, मॉल नाही. मावशीच्या गावी जायचं का? तिथली मुलं नाताळचा गोठा करतात म्हणे." ती म्हणाली, "बघू." बारा वर्षांच्या मुलीचं "बघू" म्हणजे होकारच समजायचा.

२४ डिसेंबरला रविवार होता. पनवेल–दिवा–वसई मार्गावरची मेमू आमच्या तळोज्यावरूनच जाते, पण तिच्या वेळा जमेनात. मेगाब्लॉकची कटकट नको म्हणून सकाळीच मेट्रोने बेलापूर गाठलं, मग लोकल, कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलून वसई रोड. मेट्रोत दोघंही पुढच्या काचेकडे जायला भांडली, तेव्हाच मला थोडं हायसं वाटलं.

वसईचा नाताळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडं सांगते. मॉलमधला नाताळ इंग्रजी गाण्यांचा असतो, तर वसईचा नाताळ आपल्या मराठीतला आहे. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली आणि चर्चमधला मिस्सा मराठीत. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीजांची सत्ता होती. 'नाताळ' हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ह्याच मातीतले. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला हे आमच्या मोठीला पाठ होतं, पण त्याच वसईत लोक मराठीत येशूजन्माची गाणी म्हणतात, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मैत्रिणीच्या अंगणात गोठ्याचं काम अर्धवट पडलेलं. तेरा-चौदा वर्षांची चार-पाच मुलंमुली मातीने बरबटलेली. गोणपाटाचा डोंगर, भाताचा पेंढा, छोट्या डब्यांमध्ये पेरलेली नाचणी हिरवीगार उगवून आलेली, ती म्हणजे कुरण. आमची मोठी बाजूला हाताची घडी घालून उभी होती. कुणी तिला "ये गं, बघ किती छान" असं म्हटलं नाही. एक मुलगी नुसतं म्हणाली, "ए, ते गोणपाट तिकडून धर ना, पडतंय." हिने धरलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला ती दिसली ती पाठमोरीच. नदीला उतार कुठून द्यायचा, दिव्याची वायर पेंढ्यापासून लांब कशी न्यायची, ह्यावर त्यांची जोरजोरात चर्चा चालली होती. धाकट्याला तिने मेंढ्या मांडायचं काम दिलं आणि तीनदा मेंढ्या उलट्या ठेवल्या तरी त्याच्यावर ओरडली नाही.

सगळं मांडून झालं. मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव, सगळे होते, पण मधली गव्हाण रिकामी. धाकटा विचारायला लागला, "बाळ कुठंय?" मैत्रिणीची आई हसून म्हणाली, "अजून जन्मलं कुठे? रात्री येईल." आणि तिने बाळ येशूची ती वीतभर मूर्ती रुमालात गुंडाळून आपल्या नातीच्या आणि आमच्या मोठीच्या हातात दिली. "ही तुम्ही दोघींनी सांभाळायची. बारक्यांना दिसू द्यायची नाही. मिस्सा झाला की ठेवायची."

पालकहो, त्यानंतरचे चार तास माझी मुलगी काही वेगळीच होती. तो रुमाल तिने आपल्या पाठपिशवीत ठेवला आणि पिशवी खांद्यावरून काढलीच नाही. धाकटा आणि वाडीतली इतर चिल्लीपिल्ली गव्हाणीत पुन्हा पुन्हा डोकावून जात होती आणि ह्या दोघी एकमेकींकडे बघून तोंड गंभीर करत होत्या. रात्री मिस्साहून परत आल्यावर दोघी सगळ्यांच्या आधी पळाल्या. मागून बारकी आली तर गव्हाणीत बाळ! धाकटा ओरडला, "आलं! आलं!" मी सवयीने मोबाईल काढला. पण मग माझं लक्ष मोठीकडे गेलं. ती गोठ्याकडे बघतच नव्हती. ती भावाच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे अगदी कपाटावरच्या फोटोतल्यासारखे झाले होते. मी मोबाईल परत पर्समध्ये ठेवला.

त्या रात्री मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मुलं मोठी झाली की त्यांची जादूची आवड संपत नाही. त्यांना फक्त प्रेक्षक म्हणून उभं राहायचं नसतं. जादू कशी होते हे त्यांना कळलेलं असतं, म्हणून आता ती त्यांना दुसऱ्यासाठी करायची असते. आपण मात्र त्यांना पुन्हा पुन्हा त्याच रांगेत उभं करतो आणि ती कंटाळली की म्हणतो, ह्यांना कशातच मजा नाही.

विचार केला तर आपल्याकडे हे नवीन नाहीच. दिवाळीतला किल्ला आठवा. तीन वर्षांचं मूल तो बघतं, मावळे हातात मागतं. दहा-बारा वर्षांची मुलं माती कालवतात, भुयार खणतात, बारक्यांना "हात लावू नको" म्हणून दटावतात. किल्ला करायला मोठी मुलं नको म्हणत नाहीत, कारण किल्ला त्यांच्या हातात असतो. नाताळच्या गोठ्याचंही तसंच. असं मानलं जातं की इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण आणून ख्रिस्तजन्माचा पहिला देखावा उभा केला. आम्ही वसईला गेलो त्याच वर्षी त्याला आठशे वर्षं झाली होती.

आणखी एक गोष्ट वाचनात आली, ती शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या अँडरसन आणि प्रेंटिस ह्या दोन अभ्यासकांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सांता खरा नसतो हे कळलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी ते बोलले. मुलांना हे साधारण सातव्या वर्षी, बहुतेकदा आपलं आपणच कळलेलं होतं, आणि त्याबद्दल त्यांच्या भावना जास्त करून चांगल्याच होत्या. वाईट वाटलं होतं ते पालकांना! हे वाचून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. मी मुलीवर ओरडले ते धाकट्याच्या काळजीने, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं दुःख माझं होतं. तिचं बालपण संपत चाललंय, हे मला सोसत नव्हतं.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, हाच प्रयोग मी वर्गात केला. माझ्या पाचवीतली बरीचशी मुलं एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पालकांची. त्यांची मॉलची सहल कधी झालेलीच नाही. आदल्या वर्षी मी त्यांच्या आधीच्या वर्गाला लाल टोप्या घालून नाचायला लावलं होतं आणि मागच्या बाकावरची मुलं तोंड लपवत होती. ह्या वेळी मी एवढंच सांगितलं, "पहिलीच्या वर्गात तीस मुलं आहेत. २४ तारखेला सकाळी त्यांच्या प्रत्येकाच्या जागेवर काहीतरी छोटंसं मिळालं पाहिजे. विकत काही आणायचं नाही. आणि कुणी केलं ते कळता कामा नये."

त्या आठ दिवसांत माझा वर्ग मधल्या सुट्टीतही बाहेर गेला नाही. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या चांदण्या, चिंध्यांच्या बाहुल्या, बाटलीच्या झाकणांच्या भिंगऱ्या तयार झाल्या. वर्गात फारसा न बोलणारा एक मुलगा रोज मला हळूच विचारायचा, "बाई, पहिलीतल्यांना कळलं नाही ना?" २४ ला सकाळी पहिलीच्या वर्गातून गलका ऐकू आला तेव्हा माझी पोरं खिडकीखाली वाकून बसली होती. त्यांना त्या दिवशी कुणी काहीच भेट दिली नाही. पण तो दिवस ती वर्षभर काढत राहिली.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे नेमकं करायचं काय? माझ्या अनुभवातून दोन-तीन साध्या गोष्टी सांगते. सहल ठरवण्याआधी मोठ्या मुलाला विचारा. "येतोस का?" एवढंच नको, "काय करूया?" असंही विचारा. त्याला एखादं खरं काम द्या, जे त्याने केलं नाही तर अडेल असं. गाडीच्या वेळा बघणं, पैशांचा हिशोब, बारक्यांसाठी एखादं गुपित सांभाळणं, काहीही चालेल. आणि तरीही ते "नको" म्हणालं तर ऐका. ओढून नेलेल्या मुलाचा फोटो चांगला येईल, पण ते सोबत आलेलं नसेल.

कारण हेही खरं आहे की दरवेळी जमतंच असं नाही. २०२४ च्या २५ तारखेला संध्याकाळी आमची मोठी मैत्रिणींबरोबर गेली, आमच्याबरोबर नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आदल्या रात्री धाकटा झोपल्यावर तिने स्वतः बनवलेली भेट त्याच्या उशाशी ठेवली आणि मला बोटाने "शू" केलं.

सकाळी धाकटा भेट घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आला. आता तो सात वर्षांचा होता. अगदी कानाजवळ येऊन म्हणाला, "आई, हे ताईने ठेवलंय. मी जागा होतो. पण तिला सांगू नको हं, तिला मजा येते." मग थोडा वेळ थांबून विचारलं, "आपल्या मजल्यावरच्या बाळाला पुढच्या वर्षी मी ठेवू का?"

मी म्हटलं, "ठेव. पण त्याला कळू देऊ नकोस."