मटण सोडलं, तोंडही सोडलं!

"कपाळाला काय लागलंय गं? पूस ना!"

फर्स्ट इयरला असताना, १४ फेब्रुवारी २०२४ ला, हॉस्टेलवर हा प्रश्न मला निदान दहा जणींनी विचारला. सगळं कॉलेज व्हॅलेंटाइन्स डेच्या मूडमध्ये आणि मी चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आलेली! त्या वर्षी राखेचा बुधवार नेमका त्याच दिवशी आला होता.

आम्ही वसईचे कॅथलिक. या बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. माणूस मातीचा आणि मातीतच जाणार, याची ती आठवण. ईस्टरपर्यंतचे दिवस मोजलेत तर ४६ भरतील; पण मधले ६ रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. येशूने अरण्यात केलेला उपवासही ४० दिवसांचाच. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मोठी माणसं एकदाच पोटभर जेवतात. शुक्रवारी मटण-चिकन बंद आणि चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या १४ टप्प्यांवर प्रार्थना. आमची आजी तर चाळीसही दिवस मटण आणत नाही. वाचलेले पैसे एका डब्यात टाकते आणि ईस्टरच्या आधी गरजूंना देते.

मीही ठरवलं, हॉस्टेलवर सगळं पाळायचं. तीन शुक्रवार छान गेले. ८ मार्चचा शुक्रवार म्हणजे महाशिवरात्र. मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी! मी उशिरा पोचले, तर खिचडी संपलेली.

मावशी म्हणाल्या, "पोळी-भाजी आहे ना, ती घे. खिचडी उपवासवाल्यांची होती."

माझं डोकंच फिरलं. "माझाही उपवास आहे! आणि आम्ही काय फुकट जेवतो का? पैसे भरतो मेसचे!" सगळ्या मुली बघायला लागल्या. मावशी काहीच बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि एका स्टीलच्या डब्यातून खिचडी आणून माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्लीसुद्धा!

रात्री आजीला फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं, "एकाही शुक्रवारी मटण नाही!" आणि बोलता बोलता खिचडीची गोष्टही सांगितली. आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मटण सोडलंस बाय, पण तोंडही सोडलंस! मग उपवास कसला?"

दुसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या ताईंकडून कळलं, तो डबा मावशींचा स्वतःचा होता. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. दिवसभर शेगडीपुढे उभं राहून त्या आमच्यासाठी रांधत होत्या.

खरं सांगते, चिकन सोडणं सोपं होतं. मेसच्या त्या दारातून आत जाणं फार कठीण गेलं. दोनदा पॅसेजमधून परत फिरले. शेवटी दुपारी गर्दी ओसरल्यावर गेले आणि म्हटलं, "मावशी, काल मी चुकले."

त्यांनी वर बघितलं, तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाल्या, "जेवलीस का? बस. गरम आहे तोवर खा."

तेव्हापासून दर वर्षी कपाळाला राख लागली, की मी काय खायचं नाही याची यादी नंतर करते. कुणाची माफी मागायची राहिलीय, ते आधी आठवते.