रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग झोप का येत नाही?

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता तीन महिन्यांनी या." हे वाक्य मी अनेक वर्षं मोठ्या आनंदाने म्हणत आलो. एकदा स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या एक बाई ते ऐकून रडायला लागल्या. मला वाटलं, आनंदाश्रू!

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, केमो चालू होती तेव्हा दर एकवीस दिवसांनी कुणीतरी मला तपासत होतं. आता तीन महिने कोण बघणार?" रात्री दोनला जाग यायची. रोज अंघोळीच्या वेळी गाठ चाचपून बघायच्या. पाठ दुखली की वाटायचं, हाडात गेला. घरात सगळे म्हणत, "झालं ना आता? विसरून जा." नवऱ्याला काही सांगायच्या नाहीत. त्यांनी आधीच खूप केलंय, पुन्हा कशाला रडगाणं?

मी त्यांची फाइल चाळली. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, वजन, दर वेळची नोंद होती. झोपेबद्दल एक ओळ नव्हती. अक्षर माझंच होतं.

खरं तर हा विषय नवा नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ मध्येच कॅन्सर रुग्णांच्या मानसिक त्रासासाठी वेगळी सेवा सुरू केली. पुढे एक साधं साधन वापरात आलं. कागदावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १० आकडे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, त्या आकड्यावर खूण करायची. ४ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांनी पुढे विचारायचं: पैशांची काळजी आहे, घरातलं काही आहे, भीती आहे की दुखणं? मला हे माहीत होतं. वेळ नाही, ही माझी सबब. प्रत्यक्षात त्या कागदाला दोन-तीन मिनिटं लागतात.

आता तो कागद आमच्याकडे वजनाच्या काट्याशेजारीच असतो. प्रत्येकाला देतो, त्यामुळे "मला वेडा समजता का?" असं कुणी विचारत नाही. प्रत्येकाला औषध लागतं असंही नाही. अनेकांना नीट ऐकून घेणारं माणूस, समुपदेशक किंवा याच वाटेवरून गेलेला दुसरा रुग्ण पुरतो. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि एक महत्त्वाचं. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिनसारख्या काही नैराश्याच्या गोळ्यांमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीच गोळी बंद करू नका.

त्या बाई समुपदेशकाकडे जाऊ लागल्या. पुढच्या भेटीत त्यांनी ३ वर खूण केली. मग कागद शेजारी बसलेल्या नवऱ्यापुढे सरकवला, "अहो, तुम्हीपण करा."

त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं. मग ८ वर खूण केली.